डिस्चार्ज बुकात राहून गेलेली पदके : नोंद दुरुस्त कशी करून घ्यायची

सतरा, वीस, चोवीस वर्षे नोकरी करून घरी आलेल्या फौजीच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, पदकांची नोंद अपुरी असणे, ही गावोगावी आढळणारी गोष्ट आहे. भिंतीवरच्या फोटोत छातीवर सहा रिबिनी दिसतात आणि पुस्तकात नावे दोनच पदकांची असतात. नोकरीत असताना ते पान कोणी वाचत नाही. खोट कळते ती पुढे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अनुदानाचा अर्ज देताना कळते, मुलीच्या प्रवेशासाठी दाखला काढताना कळते, नाहीतर त्या माणसाच्या पश्चात पत्नीला कागद जुळवावे लागतात तेव्हा कळते. ही नोंद दुरुस्त होऊ शकते. मात्र दोष नेमका कोणता आहे हे न ठरवता अर्ज पाठवला, तर ‘नियमानुसार देय नाही’ अशा एका ओळीवर प्रकरण बंद होते. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी थोडा वेळ दोष ओळखण्यात घालवा.

दोष कुठे आहे?

फौजेत कोणतीही गोष्ट ‘घडली’ असे दप्तराच्या लेखी ठरते ते पार्ट टू ऑर्डर, म्हणजे ती गोष्ट नोंदवणारा युनिटचा आदेश, निघाल्यावर. लग्न, मूल, बढती, कोर्स, बदली यांच्या जशा पार्ट टू ऑर्डर निघतात, तशीच पदकाचीही निघते. युनिट ती काढते, रेजिमेंटचे दप्तर सांभाळणारे रेकॉर्ड ऑफिस तपासते, मग ती शीट रोलवर (सैनिकाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर) चढते आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरवली जाते. या साखळीतली कोणती कडी तुटली आहे, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पार्ट टू ऑर्डर निघाली आहे, शीट रोलवर नोंद आहे आणि फक्त डिस्चार्ज बुकात उतरवायचे राहिले, हा सर्वात सोपा प्रकार. एक अर्ज आणि मूळ डिस्चार्ज बुक एवढ्यावर काम होते.

हक्क होता पण पार्ट टू ऑर्डरच निघाली नाही, हा अवघड प्रकार. असे का होते याची कारणे साधी आहेत. मोहिमेच्या पदकाचा आदेश बऱ्याचदा मोहीम संपून काही काळाने निघतो. तोवर युनिट दुसऱ्या स्टेशनला गेलेले असते, माणूस बदलून गेलेला असतो, हॉस्पिटलात असतो किंवा घरी परतलेला असतो. युनिट नॉमिनल रोल (नावांची यादी) बनवते ते त्या दिवशी हजर असलेल्यांवरून, आणि बाहेर गेलेल्याचे नाव निसटते. राष्ट्रीय रायफल्समध्ये टेन्युअर केलेल्यांच्या बाबतीत तर ऑर्डर काढायची आरआर युनिटने आणि ती पोहोचायची मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे निसटायला आणखी एक जागा.

राजपत्रात जाहीर झालेले शौर्यपदक आहे पण नंबर किंवा नावात चूक झाल्याने पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) भत्ताच नाही, हा तिसरा प्रकार. इथे प्रश्न मानाबरोबर दरमहाच्या पैशांचाही असतो.

नोंद बरोबर आहे, फक्त धातूचे पदक हातात पडले नाही किंवा हरवले, ही दुरुस्ती नव्हे. त्याचा अर्ज वेगळा करायचा. दोन्ही मागण्या एका पत्रात घातल्या की पत्र दोन सेक्शनमध्ये फिरत राहते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. ‘साहेबांनी माझी शिफारस केली होती, पण पदक आले नाही’ ही तक्रार या वाटेने सुटत नाही. शौर्यपदक शिफारशीवर आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीने मिळते. मिळालेल्या पदकाची नोंद रेकॉर्ड ऑफिस करू शकते, न मिळालेले पदक ते देऊ शकत नाही. असा अर्ज हक्काच्या सेवापदकांच्या अर्जात मिसळलात, तर हक्काचे काम बाजूला पडते.

कोणती पदके असायला हवीत, त्याचा हिशोब

कोऱ्या कागदावर भरतीची तारीख आणि निवृत्तीची तारीख लिहा. त्याखाली प्रत्येक पोस्टिंग : युनिट, ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत. आता तारखांवरून ठरणारी पदके आधी पाहा, कारण त्यांत वाद होण्यासारखे फारसे काही नसते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक, १५ ऑगस्ट १९९७ रोजी असलेल्यांना पन्नासाव्याचे आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी असलेल्यांना पंचाहत्तराव्याचे. दीर्घ सेवेची पदके ९, २० आणि ३० वर्षांची आहेत. वरचे मिळाले म्हणून खालचे रद्द होत नाही. २४ वर्षे सेवा झालेल्याच्या पुस्तकात ९ आणि २० अशी दोन्ही दिसली पाहिजेत.

उदाहरणार्थ, जानेवारी १९८४ मध्ये भरती होऊन जानेवारी २००१ मध्ये घरी आलेल्या जवानाची सेवा १७ वर्षांची. त्याच्या नोंदीत ९ वर्षांचे पदक आणि १९९७ चे पदक असायला हवे. २० वर्षांचे नाही, १९७२ चे नाही. एवढे घरबसल्या ठरते.

ठिकाणावरून ठरणारी पदके जास्त काळजीने तपासा. सैन्य सेवा मेडलला क्लॅस्प, म्हणजे रिबिनीवर लावायच्या भागाच्या नावाच्या पट्ट्या, असतात : जम्मू-काश्मीर, नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश), हिमालय, बंगाल-आसाम, अंदमान-निकोबार, मरुस्थल. पदक एकच असते आणि पात्र ठरलेल्या प्रत्येक भागाचा क्लॅस्प त्यावर वाढतो. ‘मेडल आहे ना, मग झाले’ असे समजून दुसऱ्या क्लॅस्पची ऑर्डर राहून जाते. सामान्य सेवा मेडल १९६५ चेही तसेच, नागालँडसारख्या भागातल्या सेवेचा क्लॅस्प स्वतंत्र नोंदवावा लागतो. सियाचीन ग्लेशियर मेडल, हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडल आणि परदेशातल्या सेवेसाठीचे विदेश सेवा मेडल ही याच गटातली.

मोहिमांची पदके त्या त्या मोहिमेच्या आदेशातल्या अटींवर ठरतात. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल, २००१-०२ च्या सीमेवरच्या सैन्याच्या जमवाजमवीसाठी ऑप पराक्रम मेडल. स्टार आणि मेडल यांत गल्लत करू नका. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्यांसाठी असतो, मेडलची व्याप्ती मोठी असते. कारगिलच्या काळात दुसऱ्या सीमेवर तैनात असलेल्याने स्टार मागितला, तर नकार येतो आणि जे मेडल खरोखर देय होते तेही त्या नकारात अडकते.

कोणाकडे जायचे

जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांचे दप्तर आपापल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, गार्ड्सचे कामठीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमई (यंत्रदुरुस्ती) आणि एओसीचे (शस्त्रसामग्री पुरवठा) सिकंदराबादला, एएमसीचे (वैद्यकीय) लखनौला. नौसैनिकांचे दप्तर मुंबईत मानखुर्दला कमोडोर ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, वायुसैनिकांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात. नौदलात पार्ट टू ऑर्डरच्या जागी जेनफॉर्म असतो आणि हवाई दलात पीओआर, हे शब्द अर्जात नीट वापरा. लष्करी अधिकाऱ्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिसात नसून सेना मुख्यालयात ॲडज्युटंट जनरल शाखेकडे असतात.

निवृत्तीनंतर डीएससीमध्ये (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) दुसरी नोकरी केलेल्यांनी लक्ष द्यावे : डीएससीचे रेकॉर्ड कन्नूरला असते आणि तिथला नंबर वेगळा असतो. पहिल्या नोकरीतले पदक जुन्या रेजिमेंटकडेच मागायचे.

नंबरांवरूनच आणखी एक अडचण येते. नायब सुभेदार झाल्यावर जेसी नंबर मिळतो, पण शिपाई आणि हवालदार असतानाच्या ऑर्डर जुन्या नंबरावर निघालेल्या असतात. अर्जात फक्त जेसी नंबर दिला तर शोधणाऱ्याला जुनी ऑर्डर सापडत नाही. दोन्ही नंबर लिहा, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. ते अक्षर पडताळणीसाठीच असते. ते चुकले की नंबर दुसऱ्याचा वाटतो किंवा जुळतच नाही.

आधी नक्कल मागवा

थेट दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी दप्तरात काय लिहिले आहे ते हातात घ्या. माहिती अधिकाराखाली स्वतःच्या नोंदी मागता येतात. अर्ज त्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, नकलांचा दर पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

मागणी अशी ठेवा (लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या सैनिकांची मूळ नोंदवही) : ‘माझ्या शीट रोलमधील पदकांच्या नोंदीच्या पानाची साक्षांकित प्रत. माझ्या नंबरावर पदकांबाबत प्रसिद्ध झालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, क्रमांक, तारीख आणि युनिटसह. लाँग रोलमधील माझ्या नोंदीचा उतारा.’ यात ‘मला पदक का दिले नाही?’ असा प्रश्न घालू नका. माहिती अधिकारात दप्तरात असलेला कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही, आणि असा एक प्रश्न असला की सगळ्या अर्जाचे उत्तर मोघम येते.

पेन्शन न मिळणाऱ्या जुन्या सैनिकांचे शीट रोल ठरलेल्या मुदतीनंतर, २५ वर्षांनी, नष्ट केले जातात. लाँग रोल मात्र कायम ठेवला जातो. म्हणून ‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले तरी लाँग रोलचा उतारा मागायचाच.

पुरावा जमवताना

पार्ट टू ऑर्डर सापडली तर तिचा क्रमांक हाच पुरावा, आणखी काही लागत नाही. ऑर्डर नसेल तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : त्या काळात तुम्ही त्या युनिटच्या हजेरीवर होता, आणि युनिट त्या भागात होते. दुसरी गोष्ट रेकॉर्ड ऑफिसला युनिटकडून कळते. पहिली तुमच्या कागदांतून दाखवता येते. जुनी ट्रंक नीट उघडा. लीव्ह सर्टिफिकेट, मूव्हमेंट ऑर्डर, कोर्सचे प्रमाणपत्र, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप आणि पीएओकडून (पगार लेखा कार्यालयाकडून) आलेली पगाराची स्टेटमेंट. ही स्टेटमेंट बाकी कागदांपेक्षा वजनदार ठरतात. त्यावर सियाचीन भत्ता किंवा हाय अल्टिट्यूड भत्ता महिन्यासकट छापलेला असेल, तर माणूस त्या उंचीवर होता हे लेखा विभागाच्याच कागदाने सिद्ध होते. घरी पाठवलेल्या पत्रांवरचे ५६ एपीओचे (लष्करी टपालाचे) शिक्के जपून ठेवा, पण ते जोडपुरावा म्हणूनच वापरा.

त्याच पलटणीतल्या सोबत्याचे डिस्चार्ज बुक हा दुसरा उपयोगी धागा. त्याच कंपनीत, त्याच काळात असलेल्याला पदक मिळाले असेल, तर त्याच्या नोंदीत पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक असू शकतो. त्या ऑर्डरच्या नॉमिनल रोलमध्ये तुमचे नाव का नाही, हे शोधणे रेकॉर्ड ऑफिसला सोपे जाते. सोबत्याची लेखी परवानगी घेऊनच झेरॉक्स जोडा.

बाजारातून आणलेल्या रिबिनी आणि पदके घातलेला फोटो पुरावा म्हणून जोडू नका. तो ग्राह्य धरला जात नाही, उलट अर्जाचे वजन घटते.

अर्ज

हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, कारण बहुतेक रेकॉर्ड ऑफिसे महाराष्ट्राबाहेर आहेत आणि महाराष्ट्रातल्या रेकॉर्ड ऑफिसांचे कामकाजही मराठीत चालत नाही. एक पान पुरे. मजकुराचा सांगाडा असा :

‘विषय : ऑप विजय मेडलची नोंद डिस्चार्ज बुकात घेण्याबाबत. मी अमुक नंबर, अमुक हुद्दा, अमुक नाव, या तारखेला भरती, या तारखेला निवृत्त. या तारखेपासून या तारखेपर्यंत अमुक युनिटच्या अमुक कंपनीत होतो. या काळासाठी वरील पदक देय आहे. पार्ट टू ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक अमुक (किंवा : पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध झालेली दिसत नाही, युनिटकडून पडताळणी करून ती प्रसिद्ध करावी). त्यानंतर शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद घ्यावी. जोडपत्रे खालीलप्रमाणे.’

‘किंवा’ नंतरचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. नुसते ‘नोंद करावी’ म्हटले की क्लार्क शीट रोल पाहतो, नोंद दिसत नाही आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असे कळवतो. ‘पडताळणी करून पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी’ असे मागितले की फाईल युनिटकडे जाते.

अनेक पदके राहिली असतील तर प्रत्येकासाठी वेगळा परिच्छेद आणि वेगळा पुरावा द्या. पार्ट टू ऑर्डर असलेली पदके आधी घ्या, नसलेली नंतर. एक पदक अडले म्हणून बाकीची थांबू नयेत, हेही एका ओळीत लिहा.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांची झेरॉक्स, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि पुरावे. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्याच पत्राबरोबर पाठवू नका. रेकॉर्ड ऑफिसने मागितल्यावर, प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढून, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. जवळ असेल तर स्वतः घेऊन जा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारसपत्रासह अर्ज गेला तर तो नोंदला जाण्याची आणि उत्तर येण्याची शक्यता वाढते. तिथले कल्याण संघटक हे कागद रोज पाहतात, त्यांना अर्ज दाखवून घ्या.

डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन करू नका. पानावर शाईने नोंद, रेकॉर्ड ऑफिसरची सही आणि शिक्का यावा लागतो, आणि प्लॅस्टिकवर तो येत नाही. स्वतःच्या हाताने एक अक्षरही लिहू नका, स्पेलिंग सुधारू नका. खाडाखोड दिसली की सगळे पुस्तकच संशयात येते.

नावाचे स्पेलिंग वेगळे असेल, म्हणजे आधारवर एक आणि डिस्चार्ज बुकात दुसरे, तर तो प्रश्न पदकाच्या अर्जात गुंतवू नका. अर्ज डिस्चार्ज बुकातल्या नावानेच करा. नावदुरुस्ती ही स्वतंत्र प्रक्रिया आहे आणि ती लांबते.

शौर्यपदक आणि पीपीओ

शौर्यपदकाचा मूळ आधार भारताचे राजपत्र. राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना भाग १, खंड १ मध्ये छापली जाते. अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मिळवा, राजपत्राचे ते पान डाउनलोड करा आणि नंबर, हुद्दा, नाव अक्षर न् अक्षर जुळवा. राजपत्रातच चूक असेल तर आधी तिथली दुरुस्ती, म्हणजे शुद्धिपत्र, रेकॉर्ड ऑफिसमार्फत मागावी लागते. बाकीचे दप्तर त्यानंतर बदलते.

शौर्य भत्त्याचे दरमहा दर १ ऑगस्ट २०१७ पासून असे झाले : परमवीर चक्र २०,००० रुपये, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि सेना, नौसेना व वायुसेना मेडल (शौर्य) २,०००. सेना मेडल विशिष्ट सेवेसाठीही दिले जाते आणि त्याला हा भत्ता लागू होत नाही. म्हणून नोंदीत ‘शौर्य’ हा शब्द आहे की नाही ते पाहा. तो सुटला की भत्ताही सुटतो. पदकविजेत्याच्या पश्चात पत्नीला भत्ता चालू राहतो, तोही पीपीओमध्ये दिसला पाहिजे.

रेकॉर्ड ऑफिसची नोंद दुरुस्त झाल्यावर पीपीओ आपोआप बदलेल असे धरून चालू नका. रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा प्रस्ताव प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा कार्यालयाकडे पाठवायला लेखी सांगा आणि ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून तक्रार नोंदवून राजपत्राची प्रत जोडा. कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्त पीपीओ, आला की भत्ता कोणत्या तारखेपासून धरला आहे ते वाचा आणि थकबाकीचा हिशोब मागा. नौदल आणि हवाई दलाचे पेन्शन मंजूर करणारे लेखा कार्यालय वेगळे असते, ते पीपीओच्या माथ्यावर लिहिलेले असते.

राज्य सरकारची शौर्यपदकधारकांसाठीची अनुदाने पुण्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत मिळतात आणि सैनिकांच्या पाल्यांच्या प्रवेश-प्राधान्यक्रमात शौर्यपदकधारकांच्या पाल्यांचा गट वेगळा आहे. दोन्हीकडे डिस्चार्ज बुकातली नोंद पाहिली जाते.

जखमींसाठी वेगळी सूचना

शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांना वूंड मेडल, म्हणजे पराक्रम पदक मिळते. हे पदक नोंदीत नसेल तर पदकावर थांबू नका, ‘बॅटल कॅज्युल्टी’ची (लढाईत जखमी झाल्याची) पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का ते आधी विचारा. ती नसेल तर वॉर इंज्युरी पेन्शनचा हक्कही अंधारात राहिलेला असू शकतो, आणि तो पदकापेक्षा कितीतरी मोठा आहे. पुरावा म्हणून इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६), हॉस्पिटलचे कागद आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही (एएफएमएसएफ-१६) यांच्या प्रती मागवा. जखम ‘ड्युटीवर अपघात’ अशी नोंदली गेली आहे का, हे त्या रिपोर्टमध्ये दिसते. तसे असेल तर मूळ दुरुस्ती तिथून सुरू करावी लागते.

सैनिक हयात नसेल तर

सैनिकाची पत्नी किंवा कायदेशीर वारस अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ आणि नाते दाखवणारा कागद जोडा. किंड्रेड रोलमध्ये (सैनिकाच्या कुटुंबीयांच्या नोंदीत) अर्जदाराचे नाव असेल तर काम सोपे होते. मुलाने अर्ज करायचा असल्यास आई हयात असताना तिच्या सहीनेच अर्ज द्यावा. ती पेन्शनधारक असल्याने तिच्या नावाने फाईल चालते. मुलाच्या माहिती अधिकार अर्जाला ‘त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो.

उत्तर येत नसेल तर

दोन महिन्यांनी स्मरणपत्र, पहिल्या पत्राच्या तारखेसह. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाकडे तक्रार, जोडीला स्पीड पोस्टच्या पावत्या. लेखी नकार आला तर त्यातले कारण नीट वाचा. ‘युनिटकडे नोंद नाही’ हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज करता येतो. ‘नियमानुसार देय नाही’ असेल तर तो नियम किंवा आदेश क्रमांकासह मागा.

शेवटचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी मुंबई खंडपीठ आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर ती मुदत संपल्यापासून पुढचे सहा महिने मिळतात. उशीर झाला असल्यास माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. इथे खरी ताकद असते ती तारखेनिशी ठेवलेल्या पत्रव्यवहाराची, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्राची प्रत एकाच फाइलमध्ये लावा.

पुस्तक परत आल्यावर

डिस्चार्ज बुक हातात आले की तिथेच वाचा : पदकाचे पूर्ण नाव, क्लॅस्प, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, तारीख, सही, शिक्का. एक अंक चुकला तरी त्याच वेळी सांगा. शीट रोलवरही तीच नोंद झाली का हे पत्राने विचारा, कारण पुढे दुय्यम डिस्चार्ज बुक काढावे लागले तर ते शीट रोलवरूनच बनते. पदक हरवले असेल किंवा मिळालेच नसेल, तर आता त्याचा अर्ज करा. हरवल्याचा पोलीस ठाण्यातला दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडा, आणि अर्जात नव्या नोंदीचा पार्ट टू ऑर्डर क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा.